कशाला शिकायची जपानी?

१९८६ सालच्या पावसाळ्यात मी बेळगावहून पुण्याला इतिहासात एम.ए. करायला गेलो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा माझ्या पिशवीत चौकोन आखलेली एक वही होती. आजीने ती उघडली, चार पाने उलटली, आणि रांगोळीचे नमुने असावेत अशा समजुतीने बाजूला ठेवली. जपानी अक्षरे आहेत असे सांगितल्यावर मात्र तिने चष्मा लावून पुन्हा पाहिले.

"कशाला रे ते? तुझे आजोबा त्यांच्याशी लढून आले, आणि तू त्यांची भाषा शिकणार?"

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. पुढे तेहतीस वर्षांनी, २०१९ साली, माझी पुतणी इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना जपानीच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा तिच्या आईने तोच प्रश्न विचारला. फक्त आजोबांचा उल्लेख गेला होता आणि त्या जागी फीचा उल्लेख आला होता. मराठी घरातल्या विद्यार्थ्याने जपानीकडे का वळावे, याचा शोध मी अधूनमधून घेत आलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. 'तिसरी भाषा' असे तिला पुस्तकात म्हणतात. आमच्या सीमाभागात हा हिशेबच चुकतो. घरी मराठी, दारात कन्नड, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, सावंतवाडीकडची मामी असेल तर कोकणी. जपानीचा नंबर लागायचा तो पाचवा किंवा सहावा.

आजोबांपासून सुरुवात करतो. ते मराठा पलटणीत हवालदार होते. बेळगावात या पलटणीचे केंद्र असल्यामुळे आमच्याकडच्या कित्येक घरांत भिंतीवर असा एखादा फोटो असतोच. त्यांची चौथी पलटण १९४४च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात, उखरुलजवळच्या सांगशाक नावाच्या खेड्यात, पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर अडकली. जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमाकडे निघाले होते. २० ते २६ मार्च या दिवसांत त्या उघड्या टेकाडावर लढाई झाली. पाणी नाही, तारेचे कुंपण नाही, जमिनीत तीन फुटांवर खडक. २६च्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि उरलेले लोक जंगलातून वाट काढत इंफाळला पोचले. जपान्यांचे ते दिवस तिथे खर्ची पडले नसते तर कोहिमाचा इतिहास वेगळा झाला असता, असे लष्करी इतिहासकार मानतात. आजोबा यातले काही बोलत नसत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मात्र एक पोस्टकार्ड होते. जपानी. पाण्याने भिजून सुकलेले, शाई पसरलेली. कुणा मेलेल्या शिपायाजवळ ते सापडले होते, एवढेच ते सांगत. १९७८ साली आजोबा गेले आणि पेटी माझ्याकडे आली.

तर माझे खरे कारण ते पोस्टकार्ड होते. आजीला तसे सांगण्याचा धीर मला झाला नाही.

त्याच सांगशाकच्या लढाईत एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि त्यावरून कोहिमाच्या रोखाने संबंध एक डिव्हिजन येत आहे हे उघड झाले. पण असले कागद वाचायचे कोणी? युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रजांकडे जपानी वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. म्हणून १९४२च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बेडफर्ड गावी घाईघाईने सहा महिन्यांचा वर्ग काढण्यात आला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली ग्रीक-लॅटिन शिकणारी पोरे उचलून तिथे बसवली. शिकवायला नौदलातले निवृत्त कॅप्टन ऑस्वाल्ड टक. त्यांतली काही पोरे पुढे दिल्लीत आली आणि जपानी बिनतारी संदेश उलगडत बसली. जी भाषा शिकायला पाच वर्षे लागतात असे विद्वान सांगत, ती या मुलांनी कामापुरती सहा महिन्यांत उचलली. शत्रूचे पत्र वाचणे हेही भाषा शिकण्याचे एक कारण आहे, आणि इतिहासात ते वारंवार आढळते.

महाराष्ट्रात जपानचे नाव दुमदुमले ते त्याच्या चाळीस वर्षे आधी. १९०५ साली त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचे आरमार बुडवले. आशियातला एक देश युरोपातल्या साम्राज्याला हरवू शकतो, ही बातमी इथल्या तरुणांच्या डोक्यात दारूसारखी भिनली. तो स्वदेशीचाही काळ होता. पैसा फंडातून, म्हणजे लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या निधीतून, १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो चालवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले, आणि काचकाम ते शिकले होते जपानात व पुढे अमेरिकेत. त्या काळी जपानला जाणारा हिंदी विद्यार्थी भाषेच्या प्रेमाने जात नसे. काच, साबण, काड्यापेटी, छत्री कशी करतात हे पाहायला जाई आणि भट्टीपाशी उभे राहता राहता लागतील तेवढे शब्द उचली.

धोंडो केशव कर्वे यांची हकीकत त्याहून वेगळी. १९१५ साली ते आजारी असताना त्यांच्या हाती एक छोटी पुस्तिका पडली. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी ती पाठवलेली. तिच्यात तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती होती. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१ साली काढले होते. अण्णांनी ती वाचली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून हिंदी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते विद्यापीठ सुरू झाले. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे आणि इंग्रजी हा विषय म्हणून ठेवायचा, असे तिथे ठरले. जपानी माणूस रसायनशास्त्र, वैद्यक, कायदा सगळे स्वतःच्या भाषेत शिकतो, ही त्या पिढीला जपानकडून मिळालेली सर्वांत मोठी बातमी होती. गंमत बघा, जपानने आपल्याला शिकवले ते स्वतःच्या भाषेत शिका म्हणून. आणि ते आपल्याला समजले इंग्रजीत छापलेल्या पुस्तिकेतून.

पुण्याला फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटची इमारत आहे. विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग तिथे. संध्याकाळी सायकली लावायला जागा मिळत नसे. जर्मन-फ्रेंचच्या वर्गांना गर्दी. जपानीच्या वर्गात आम्ही थोडे. एक बँकेतला कारकून होता, त्याला हायकू मुळातून वाचायचे होते. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, त्याचा तो परिणाम. एक मुलगी पु.लं.चे 'पूर्वरंग' वाचून आलेली. दोघे आकुर्डीच्या बाजूला नोकरी करणारे. बजाज आणि कावासाकीच्या सहकार्याने मोटरसायकली निघू लागल्या होत्या तो हा काळ. तिकडे इंदूरजवळ पिथमपूरला कायनेटिक होंडाच्या स्कूटरी तयार होत होत्या, गुडगावला मारुती-सुझुकी. कारखान्यात येणाऱ्या जपानी साहेबांशी दोन शब्द बोलता आले तर बढती मिळेल अशी त्या दोघांची अटकळ. आणि मी, खिशात पोस्टकार्ड घेऊन. पाच जणांची पाच कारणे होती, आणि पहिल्या आठवड्यात पाचही जण एकाच गोष्टीने चकित झालो.

ती गोष्ट म्हणजे अक्षरांचा तक्ता. बाईंनी फळ्यावर लिहिले आणि म्हणून दाखवले: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. वर्गात हशा पिकला. ही तर आपली बाराखडी! आडवे स्वर, उभी व्यंजने, कंठापासून ओठांपर्यंतचा तोच क्रम. कारकून उठून म्हणाला, "बाई, यात च कुठं आहे? आणि प कुठं आहे?" बाई हसल्या आणि पुढच्या तासाला सांगते म्हणाल्या. पुढचा तास मी अजून विसरलो नाही.

गोष्ट अशी. इसवी सन ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा दक्षिण भारतातला भिक्षू चीनमार्गे जपानला पोचला आणि ७५२ साली नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. पुढे कूकाई नावाचा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकला आणि ८०६ साली ग्रंथ घेऊन परतला. ते मंत्र 'सिद्धम्' नावाच्या लिपीत होते. ही लिपी ब्राह्मीच्या घराण्यातली, म्हणजे आपल्या देवनागरीची आणि कन्नड लिपीचीही दूरची नातलग. मंत्राचा उच्चार बिघडू नये म्हणून जपानी मठांत सिद्धम्‌चा अभ्यास शेकडो वर्षे चालला आणि त्या अभ्यासातूनच म्योगाकू नावाच्या भिक्षूने अकराव्या शतकाच्या अखेरीस जपानी ध्वनी याच क्रमाने मांडून दाखवले. आजही तिथल्या स्मशानात मृतांच्या नावे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे लिहितात. लिहिणाऱ्याला ती वाचता येतात असे नाही. पण आपल्याकडे तरी श्राद्धाचे मंत्र किती जणांना समजतात?

आता च आणि प. 'च'च्या जागी 'स' बसला याचे कारण, त्या काळी जपानी 'स'चा उच्चार च किंवा त्सच्या जवळचा असावा असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. 'प'च्या जागी 'ह' आहे, कारण तो पूर्वी 'प'च होता. प चा फ झाला आणि फ चा ह. म्हणून जपानीत आजही ह च्या अक्षराला दोन टिंबटिकल्या दिल्या की ब होतो आणि छोटे वर्तुळ दिले की प होतो. आणि इथे बेळगावच्या वाचकाला वेगळे सांगायला नको: कन्नडमध्येही नेमके हेच घडले. जुन्या कन्नडातला 'पालु' म्हणजे दूध आज 'हालु' झाला, 'पोगु' चा 'होगु' झाला. त्या वर्गात हे मी बोलून दाखवले तेव्हा बाईंनी खडू खाली ठेवला आणि मलाच पुढे बोलावले. कन्नड येते म्हणून पुण्यात कुणी माझे कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ. एरवी तिकडे आमच्या बोलण्याची नक्कल होई आणि इकडे आमच्या मराठीपणाची चौकशी. दोन भाषा ही आमच्यासाठी नेहमी एखाद्या खटल्यातली साक्ष असते. त्या वर्गात ती नुसती शिदोरी निघाली.

मग मी ती शिदोरी मोजत सुटलो. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी. विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या मागून. हे मराठीतही आहे, कन्नडमध्येही. पण खरी मजा पुढे आहे. आपण म्हणतो 'करून बघ'. यात बघण्याचा डोळ्यांशी संबंध नाही. प्रयत्न कर एवढाच अर्थ. कन्नडमध्ये 'माडि नोडु', शब्दाला शब्द तेच. जपानीत 'शिते मिरु', म्हणजे पुन्हा करून बघणे! 'करून ठेव' ला 'शिते ओकु', आणि ओकु म्हणजे ठेवणे. 'खाऊन टाकलं' ला 'ताबेते शिमात्ता'. आमच्याकडे 'तिंदु बिट्टे'. 'घेऊन ये', 'करून दे' यांचेही तसेच. इंग्रजीतून जपानी शिकणारा माणूस या रचना महिनोन्‌महिने घोकतो. आमच्या गल्लीतल्या पोराला त्या घोकाव्या लागत नाहीत. 'येतो म्हणून सांग' यातला 'म्हणून' आणि कन्नडचा 'अंत' जिथे बसतो, तिथेच जपानीचा 'तो' बसतो. माणसे मोजताना आपण दोन-तीन म्हणत नाही, दोघे-तिघे म्हणतो. कन्नड इब्बरु-मूवरु म्हणते. जपानी एकट्याला हितोरी आणि दोघांना फुतारी म्हणते. नात्यांत तर कन्नड मराठीच्याही पुढे आहे. थोरला भाऊ अण्णा, धाकटा तम्म, थोरली बहीण अक्का, धाकटी तंगी. जपानीत तसेच चार वेगळे शब्द: आनि, ओतोओतो, आने, इमोओतो. मराठीत आपल्याला 'धाकटा' जोडावा लागतो.

यावरून या भाषा सख्ख्या बहिणी आहेत असे कुणी समजू नये. सुसुमु ओनो या नामांकित जपानी पंडिताने जपानीचे मूळ तमिळमध्ये आहे असे मांडले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही, आणि मलाही ते पटत नाही. शेजारी नसलेल्या दोन घरांतही चूल एकाच बाजूला असू शकते. पण शिकणाऱ्याला वंशावळीशी काय करायचे? त्याला चूल ओळखीची वाटली म्हणजे झाले.

ओळखीचे नाही ते चित्राक्षर, म्हणजे कांजी. १९८१ साली जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीत १,९४५ अक्षरे होती. २०१० साली ती २,१३६ झाली. त्यांतल्या बऱ्याच अक्षरांचे निदान दोन उच्चार, एक चिनी वळणाचा आणि एक घरचा. डोंगराचे अक्षर एकच, पण कधी ते 'यामा' वाचायचे तर कधी 'सान'. समजा, 'जल' हे एकच चिन्ह लिहून 'पाण्याचा हंडा'मध्ये पाणी वाचायचे आणि 'जलप्रवास'मध्ये जल वाचायचे, तसा प्रकार. दोन वर्षांत मी साडेतीनशे अक्षरांपर्यंत पोचलो. मग एम.ए. झाले, बेळगावला नोकरी लागली, आणि वही पेटीत पोस्टकार्डाशेजारी गेली. माझ्या आयुष्यातल्या अर्धवट राहिलेल्या गोष्टींत हिचा क्रमांक बराच वरचा आहे.

पुणे सोडण्याआधी मी ते कार्ड बाईंना दाखवले होते. त्या जपानी होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग इतकेच म्हणाल्या, की आईला लिहिले आहे, मी बरा आहे, तिकडे छपरावरचा बर्फ या वर्षी कोण उतरवतो असे विचारले आहे. नाव-पत्ता पाण्याने गेला होता. "तुम्ही पुढे शिकलात तर अजून काही अक्षरे लागतील," असे म्हणून त्यांनी ते तसेच दोन्ही हातांनी परत दिले.

ही वाहतूक एकाच बाजूने होत होती असे मात्र नाही. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी या जपानी इतिहासकारांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे मराठेशाहीतील गाव, वतन आणि बलुते यांचा अभ्यास केला. फुकाझावांचे दख्खनवरचे इंग्रजी पुस्तक १९९१ साली निघाले. पुण्याचे पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह एका पाली विनय-टीकेच्या चिनी अवताराचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९७० साली भांडारकर संस्थेने काढले. आपल्या पोराने जपानी शिकली तर आपण नोकरी कुठे असे विचारतो. तोक्योच्या कुणा मुलाने आपल्या पाटील-कुलकर्ण्यांचे कागद वाचायचे ठरवले, तेव्हा त्याच्या आईनेही असेच काही विचारले असेल.

१९९०नंतर चित्र पालटले. पुण्याच्या संगणक कंपन्यांना जपानी गिऱ्हाइके मिळू लागली. जपानी गिऱ्हाईक कामाचा सगळा तपशील स्वतःच्या भाषेत लिहून देते आणि त्याच भाषेत शंका विचारते. त्यामुळे दोन्हीकडचे कळणारा माणूस कंपनीला लागू लागला. १९९७ साली टोयोटा-किर्लोस्कर कंपनी बंगळूरजवळ बिडदीला स्थापन झाली. किर्लोस्कर नाव आले की बेळगावकराची मान ताठ होते. लक्ष्मणराव मूळचे गुर्लहोसूरचे. सायकलींच्या दुकानापासून आणि कडबा कापायच्या यंत्रापासून त्यांनी सुरुवात केली ती याच गावात, आणि १९१० साली ते कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवायला गेले. त्या नावाला जपानी नाव जोडले जायला सत्त्याऐंशी वर्षे लागली. वडोदऱ्याच्या वाचकांना तर सांगायला नकोच. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली आणि तिच्या प्रशिक्षणाचे केंद्र त्यांच्याच शहरात आहे.

आकडा हवा असेल तर जपान फाउंडेशनच्या पाहणीतला देतो. भारतात जपानी शिकणारे २००६ साली सुमारे ११ हजार होते, २०१८ साली ३८ हजार. वाढीचे एक कारण जपानच्या घरातलेच आहे. २००८च्या सुमारास तिथली लोकसंख्या १२ कोटी ८० लाखांवर पोचली आणि तेव्हापासून घटते आहे. म्हाताऱ्यांची सेवा करायला, शेतात, कारखान्यात माणूस नाही. भारताशी त्याबाबतचे दोन करार झाले, २०१७ साली उमेदवारीने काम शिकणाऱ्यांसाठी आणि २०२१ साली कुशल कामगारांसाठी. भाषेची परीक्षा दिल्याशिवाय दुसऱ्या प्रकारचा परवाना मिळत नाही. त्यामुळे आता वर्गात परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुली दिसतात, आयटीआय झालेली खेड्यांतली मुले दिसतात. त्यांच्या पालकांना एकच सांगावेसे वाटते, की वर्गाची फी वेगळी आणि परदेशी पाठवतो म्हणून मागितलेली लाखांची रक्कम वेगळी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दुसरीत हात पोळून घेतले आहेत.

पुतणीचे कारण यांतले कुठलेच नव्हते. २००५पासून आपल्याकडच्या दूरदर्शन संचांवर दोरेमोन हे निळे मांजर आले. त्याच्या मांडीवर वाढलेली ती पिढी. ते हिंदीत बोले. मोठे झाल्यावर मूळ आवाज ऐकावा असे तिला वाटले. बस्स. मला हे कारण आधी पोरकट वाटले. घरात 'तोत्तोचान' मराठीत होते, ते तिने लहानपणी चार वेळा वाचले होते, तेव्हा निदान त्याचे तरी नाव घे, असे मी म्हणालो. ती हसून म्हणाली, "काका, तुमच्या वेळी लोक काच करायला शिकत होते ना? मग मांजर काय वाईट?"

नंतर एकदा गच्चीवर कपडे काढताना ती सहज बोलली ते मात्र पोरकट नव्हते. "मराठी बोलले की कुणाला तरी राग येतो. कन्नड बोलले की दुसऱ्या कुणाला तरी वाईट वाटते. इंग्रजी बोलले की शिष्ट म्हणतात. जपानीबद्दल कुणाला काहीच वाटत नाही. तिथे मी चुकले तर नुसती चुकते." मी बेळगावात इतकी वर्षे इतिहास शिकवला, सीमाप्रश्नावर सभांतून बोललो, पण हे असे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. आमच्याकडे प्रत्येक भाषा कुणीतरी लादलेली, नाहीतर कुणीतरी नाकारलेली. मूल पहिलीत जाते तेव्हा तिच्यासोबत एक बाजूही घ्यावी लागते. बाजू न घेता शिकता येईल अशी भाषा शोधायला या मुलीला थेट जपानपर्यंत जावे लागले. मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकायला सुखाचे नाही. ती आजही मराठी कविता वाचते, कन्नडमध्ये भाजीवालीशी घासाघीस करते, म्हणून मी फार काळजी करत नाही. पण ते वाक्य मनातून जात नाही.

२०२० साली टाळेबंदीत सगळे घरी अडकले तेव्हा मी पेटी उघडून कार्ड तिच्यापुढे ठेवले. भ्रमणध्वनीने फोटो काढून, मोठा करून, उजेड कमीजास्त करून ती दोन दिवस बसली होती. माझ्या साडेतीनशे अक्षरांच्या चौपट तिला येत होती. पत्त्याच्या पहिल्या ओळीत तिने निइगाता हे प्रांताचे नाव ओळखले. मी कपाटातून युद्धाच्या इतिहासाचे पुस्तक काढले. सांगशाकवर चढाई केलेली जपान्यांची अठ्ठावन्नावी रेजिमेंट ही निइगाता प्रांतातल्या ताकादा गावची. जपानात सर्वांत जास्त बर्फ पडणाऱ्या गावांतले ते एक. बाईंनी सांगितलेला छपरावरचा बर्फ जागेवर बसला.

आजी तेव्हा नव्हती. असती तर काय म्हणाली असती ते सांगवत नाही. आजोबांनी ते कार्ड तीस-पस्तीस वर्षे कपड्यांच्या घडीखाली जपले, फेकले नाही, इतके मला ठाऊक आहे.

आडनावाचे पहिले अक्षर पुतणीला लागले आहे. तीन फटकाऱ्यांचे, 'लहान' या अर्थाचे, 'को' असे वाचायचे. दुसरे अक्षर पाण्याने गेले. कोबायाशी असेल, कोजिमा असेल, कोयामा असेल, कोनिशी असेल. तिने वहीच्या शेवटच्या पानावर या अक्षराने सुरू होणाऱ्या आडनावांची यादी करायला घेतली, आणि पसरलेल्या शाईचा आकार एकेकाशी ताडून पाहते आहे. वही माझीच आहे, १९८६ची. मागची पाने कोरी राहिली होती.